शहरात राहून आकाशदर्शन: गच्ची-बाल्कनीतून सुरुवात कशी करावी

शहरात आकाश बघायचं म्हटलं की ऐकायला मिळणारं उत्तर ठरलेलं असतं: "इथून काय दिसणार? त्यासाठी लांब कुठेतरी जायला हवं." हे अर्धंच खरं आहे. शहराचा उजेड फिकट आणि पसरट गोष्टी गिळतो: आकाशगंगेचा पट्टा, दूरच्या दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह), धूमकेतूंच्या शेपट्या, बहुतेक तेजोमेघ (अवकाशातले वायू-धुळीचे ढग). चंद्र, ग्रह, ठळक तारे आणि जोडतारे (डोळ्याला एक, दुर्बिणीत दोन दिसणारे) यांना मात्र त्याचा फारसा धक्का लागत नाही. शनीची कडी निर्जन माळरानावरून जितकी स्पष्ट दिसतात तितकीच भर शहरातल्या गच्चीवरूनही दिसतात.

शिवाय शहरात राहणाऱ्याकडे एक गोष्ट असते जी वर्षातून दोनदा लांब जाणाऱ्याकडे नसते. त्याचं आकाश, जसं असेल तसं, रोज हाताशी असतं. आकाशात बदलणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत, आणि त्या रोज दहा-पंधरा मिनिटं बघणाऱ्यालाच कळतात. या लेखातला क्रम त्याच हिशोबाने लावला आहे.

उजेड नेमकं काय बिघडवतो

ताऱ्याचं तेज 'प्रती'त मोजतात. आकडा जितका मोठा तितका तारा फिका. खऱ्या अंधारात निरोगी डोळ्याला साधारण साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात आणि संपूर्ण खगोलावर असे सुमारे ९,००० तारे आहेत. मोठ्या शहरात मर्यादा चौथ्या प्रतीपर्यंत किंवा त्याहून अलीकडे येते. चौथ्या प्रतीपर्यंतचे तारे संपूर्ण खगोलावर जेमतेम ५०० भरतात. त्यातले अर्धे क्षितिजाखाली आणि क्षितिजालगतचे धुरकटात गेले, की एका वेळी शंभर-दीडशे तारे उरतात. जॉन बोर्टल यांनी २००१ मध्ये आकाशाच्या अंधाराचे नऊ वर्ग सुचवले. मोठ्या शहरांचा मध्यभाग त्यात आठव्या-नवव्या, म्हणजे सर्वात उजळ वर्गांत मोडतो.

नवशिक्यासाठी हे तितकंसं वाईट नाही. तारकासमूहांची ओळख ठळक ताऱ्यांवरूनच होते आणि शहरात तेवढेच उरलेले असतात.

त्रास देणारे उजेड दोन प्रकारचे. एक, सगळ्या शहराचा मिळून आकाशावर चढलेला उजेड. त्यावर तुमच्या हाती काही नाही. फक्त तो रात्री उशिरा थोडा कमी होतो आणि पाऊस पडून धूळ बसली की बराच कमी होतो. दुसरा, रस्त्यावरच्या दिव्याचा किंवा समोरच्या खिडकीचा थेट डोळ्यात शिरणारा उजेड. लोक दोष पहिल्याला देतात, नुकसान बरंचसं दुसरा करतो आणि तो अडवता येतो. अंधाराला सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका थेट दिव्याने ती मेहनत क्षणात वाया जाते.

जागा निवडताना

गच्ची, बाल्कनी, अंगण, मैदान, जे असेल ते चालेल. कुठे उभं राहिलं की एकही दिवा थेट दिसत नाही, ते आधी शोधा. पाण्याच्या टाकीची सावली, जिन्याच्या खोलीची मागची भिंत, बाल्कनीच्या कठड्याला बांधलेला जाड पुठ्ठा, काहीही. घरातले दिवे बंद, पडदे ओढलेले. एवढं करूनही उजेड येत असेल तर डोक्यावरून गडद कापड घ्या, अगदी नेत्रिकेसकट (नेत्रिका म्हणजे दुर्बिणीचं डोळा लावायचं भिंग). दिसायला विचित्र दिसतं, पण याहून स्वस्त आणि परिणामकारक साधन या छंदात दुसरं नाही.

मग दिशा पाहा. सूर्य, चंद्र आणि ग्रह आकाशात एकाच पट्ट्यातून, क्रांतिवृत्ताच्या (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेच्या) आसपासून फिरतात. हा पट्टा तुमच्या जागेवरून कुठे आणि किती उंच जातो हे एखाद-दोन रात्री चंद्राकडे बघून कळतं. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे उघडी बाल्कनी त्यामुळे सोन्यासारखी. पूर्वेची असेल तर उगवणाऱ्या गोष्टी मिळतात, पश्चिमेची असेल तर संध्याकाळची चंद्रकोर आणि सायंतारा शुक्र. फक्त उत्तरेची असेल तर ग्रह विसरा. पण ध्रुव, सप्तर्षी आणि शर्मिष्ठा तुमचेच आहेत आणि जोडतारे आणि रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या ताऱ्यांचं एक चांगलं दालन तिथेच उघडतं.

एक शहरी सूचना. रात्री दुर्बीण घेऊन उभं राहिलेल्या माणसाबद्दल समोरच्या इमारतीत शंका निर्माण होतेच. पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांना बोलावून चंद्र दाखवा, आणि दुर्बीण खिडक्यांच्या रेषेत कधी आडवी ठेवू नका. गच्चीला कठडा कमी उंचीचा असेल तर अंधारात मागे सरकत आकाश बघायचं नाही, हेही आलंच.

पहिला महिना: फक्त डोळे

या महिन्यात काहीही विकत घेऊ नका. लागतं ते एक तारांगण-ॲप. संगणकासाठी 'स्टेलेरियम' विनामूल्य आहे आणि पुरेसं आहे. फोन वापरत असाल तर ॲपमधला लाल उजेडाचा पर्याय चालू करा आणि पडद्याची चमक अगदी खाली आणा.

आकाशातली अंतरं अंशांत मोजतात आणि मोजपट्टी हातातच असते. हात पूर्ण लांब केला की करंगळीची रुंदी साधारण १ अंश, वळलेली मूठ १० अंश, ताणलेली वीत २० अंशांच्या थोडी वर. पौर्णिमेचा चंद्र अर्धाच अंश आहे यावर कुणाचा सहज विश्वास बसत नाही. करंगळी धरून बघा, तो अख्खा झाकला जातो.

आता ठळक खुणा पाठ करायच्या. डिसेंबर ते मार्चच्या संध्याकाळी मृगाचे तीन पट्ट्यातले तारे. ती रेषा एका बाजूला वाढवली की आकाशातला सर्वात तेजस्वी तारा व्याध, दुसऱ्या बाजूला वाढवली की तांबूस रोहिणी आणि तिच्या पुढे कृत्तिका. एप्रिल ते जूनमध्ये पतंगाच्या आकाराचे सप्तर्षी: शेपटीपासून लांबच्या दोन ताऱ्यांची रेषा वाढवली की ध्रुव सापडतो, शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की स्वाती आणि नंतर चित्रा. जुलैपासून अभिजित, श्रवण आणि डेनेब यांचा मोठा त्रिकोण. दक्षिण गोलार्धात मृग उलटा दिसतो आणि सप्तर्षींऐवजी त्रिशंकू व अगस्ती खुणेला धरावे लागतात.

रोज एकाच वेळी, एकाच जागी उभे राहा आणि एखादा ठळक तारा इमारतीच्या कडेशी जुळवून ठेवा. दुसऱ्या दिवशी तो त्या जागी चार मिनिटं आधी आलेला असतो, महिन्याभरात दोन तास आधी. ऋतूंप्रमाणे आकाश का बदलतं हे वाचून कळतं त्यापेक्षा असं चांगलं कळतं. शहरात या कामाला उंच इमारतींच्या सरळ कडा फार सोयीच्या पडतात.

तारे लुकलुकतात, ग्रह बहुधा स्थिर प्रकाशाने चमकतात. न लुकलुकणारी आणि न हलणारी ठळक 'चांदणी' दिसली की ती ग्रह असण्याची शक्यता मोठी. हलणारी, पण लुकलुकाट नसलेली चांदणी असेल तर कदाचित आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दर दीड तासाला पृथ्वीभोवती एक फेरी मारतं आणि चांगल्या फेरीला व्याधापेक्षाही तेजस्वी दिसतं. मधेच ते आकाशात विझल्यासारखं नाहीसं होतं, तेव्हा ते पृथ्वीच्या सावलीत शिरलेलं असतं.

पहिली खरेदी: द्विनेत्री

टेलिस्कोपच्या आधी द्विनेत्री दुर्बीण घ्या. तिच्यावरच्या '१०×५०' या आकड्यांचा अर्थ १० पट वर्धन आणि ५० मिलिमीटर व्यासाचं वस्तुभिंग. ७×५० ही आकाशासाठी उत्तम असं जुन्या सल्ल्यात सांगतात, पण तो अंधाऱ्या आकाशाचा सल्ला आहे. ७×५० मधून डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत ७ मिलिमीटर रुंद असतो आणि शहराच्या उजेडात बाहुली तेवढी उघडतच नाही, त्यामुळे बराच प्रकाश वाया जातो. १०×५० चा झोत ५ मिलिमीटरचा, शहराला तो जुळतो. शिवाय वर्धन थोडं जास्त असल्याने मागचं आकाशही जरा काळवंडतं. २० पटींची मोठी द्विनेत्री मोहात पाडते, पण ती हातात स्थिर राहत नाही.

दहा पटींचीही हलतेच. खुर्चीत मागे रेलून कोपर खुर्चीच्या हातांवर टेकवा, किंवा भिंतीला खांदा लावा. एवढ्यावर गुरूचे चंद्र दिसू लागतात. कृत्तिका, रोहिणीभोवतीचा इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा गुच्छ, कर्केतला पुष्याचा गुच्छ ही द्विनेत्रीची खास दृश्यं. टेलिस्कोपमध्ये ती मावत नाहीत.

चंद्र: शहराची सर्वात मोठी देणगी

अनुभवी निरीक्षकांना फिकट दीर्घिकांच्या आड येणारा चंद्र नकोसा असतो. शहरात ती अडचणच नाही. लहान दुर्बिणीतून इतका तपशील दाखवणारं दुसरं काहीही आकाशात नाही.

पौर्णिमेला चंद्र बघू नका, निदान विवरांसाठी तरी. तेव्हा सूर्यप्रकाश समोरून पडतो, सावल्या नाहीशा होतात आणि सगळं सपाट दिसतं. पौर्णिमा टायको विवरातून निघालेल्या लांबच लांब पांढऱ्या किरणांसाठी राखून ठेवा. एरवी बघायची ती उजेड आणि अंधार यांची सीमारेषा. शुद्ध तृतीया-चतुर्थीला कोरीच्या काठाशी 'मारे क्रिझियम' हा गोल काळसर सपाट प्रदेश, आणि अंधाऱ्या भागावर पृथ्वीवरून परतलेला मंद उजेड. अष्टमीच्या सुमारास ॲपेनाइन पर्वतरांग आणि प्लेटो हे काळ्या तळाचं विवर. नवमी-दशमीला ९३ किलोमीटर व्यासाचं कोपर्निकस: पायऱ्यापायऱ्यांच्या कडा, मधोमध शिखरांचा पुंजका.

सीमारेषेवरच थांबायला शिका. अंधाऱ्या बाजूला, उजेडापासून थोडा सुटा असा एखादा पांढरा ठिपका दिसेल. ते उंच शिखर आहे. त्याच्या पायथ्याशी अजून रात्र आहे आणि माथ्यावर ऊन पडलं आहे. तासाभराने परत बघा, ठिपका मोठा झालेला असतो, शेजारी दुसरा उगवलेला असतो, आणि हळूहळू ते सगळे मिळून एक कडा तयार होते. चंद्राच्या विषुववृत्तावर ही सीमारेषा ताशी सुमारे १५ किलोमीटरने, म्हणजे सावकाश चालवलेल्या सायकलच्या वेगाने सरकते. तुम्ही दुसऱ्या जगातला सूर्योदय प्रत्यक्ष घडताना बघत असता आणि खाली रस्त्यावर दिवे किती आहेत याने काहीही फरक पडत नाही.

वारंवार बघणाऱ्यालाच दिसणारी आणखी एक गंमत. चंद्राची एकच बाजू पृथ्वीकडे असते हे खरं, पण तो थोडा डुलतो. त्याची कक्षा लंबवर्तुळाकार आणि कललेली असल्याने काही काळात आपल्याला त्याच्या पृष्ठभागाचा एकूण ५९ टक्के भाग दिसतो. मारे क्रिझियम चंद्राच्या कडेपासून किती आत आहे हे दोन-तीन महिने टिपून ठेवा. फरक द्विनेत्रीतूनही लक्षात येतो.

ग्रह, आणि हवेचा खेळ

ग्रहांसाठी अंधारापेक्षा हवेची स्थिरता लाखमोलाची, आणि हवेचा 'स्वच्छपणा' व 'स्थिरपणा' या वेगळ्या गोष्टी आहेत. पावसानंतरच्या लख्ख रात्री तारे जोरात लुकलुकत असतील तर ग्रह उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखे दिसतात. उलट किंचित धुरकट, वारा पडलेल्या रात्री हवा बऱ्याचदा शांत असते आणि गुरू कोरीव दिसतो. "आज आकाश धुरकट आहे" म्हणून शहरातले कितीतरी लोक नेमक्या चांगल्या रात्री घरात बसतात.

शहरात हवा हलवणारी मोठी गोष्ट म्हणजे उष्णता. दिवसभर तापलेलं काँक्रीट मध्यरात्रीपर्यंत वाफाळत असतं. म्हणून समोरच्या छताच्या अगदी वरून, किंवा एसीच्या बाहेरच्या यंत्रांवरून ग्रह बघू नका. तो वर येईपर्यंत थांबा. खिडकीच्या काचेतून टेलिस्कोप लावू नका आणि उघड्या खिडकीतूनही नको, कारण आतल्या-बाहेरच्या हवेच्या तापमानातला फरक तिथेच मिसळत असतो.

आणि नेत्रिकेवर डोळा लावून घाई करू नका. सुरुवातीला गुरू म्हणजे थरथरणारी पांढरट चकती दिसते. दोन-तीन मिनिटं बघत राहिलं की मधेच हवा अर्धा सेकंद थांबते आणि दोन तपकिरी पट्टे एकदम उमटतात, पुन्हा विरतात. त्या अर्ध्या सेकंदांसाठीच बसायचं असतं. सगळे ग्रहनिरीक्षक तेच करतात.

गुरूचे चार मोठे चंद्र गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिले. लागोपाठ चार-पाच रात्री त्यांच्या जागा ठिपक्यांनी कागदावर काढा. सर्वात आतला आयो सुमारे ४२ तासांत फेरी पुरी करतो, कॅलिस्टोला जवळपास १७ दिवस लागतात. कोणता ठिपका कोणता हे तुमचं तुम्हाला उलगडतं. शनीची कडी साधारण ३० पट वर्धनापासून ओळखू येतात. २०२५ च्या मार्चमध्ये ती आपल्याला अगदी कडेवर होती. आता वर्षागणिक उघडत जाऊन २०३२ च्या सुमारास पूर्ण ऐसपैस होतील. शुक्राच्या कला दिसतात, तो पृथ्वीजवळ असताना त्याची कोर द्विनेत्रीतूनही दिसते. मंगळ मात्र नवख्याची निराशा करतो. साधारण दर २६ महिन्यांनी प्रतियुतीच्या (तो आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला येतो त्या वेळेच्या) आसपासचे काही आठवडेच तो बघण्यालायक असतो. फेब्रुवारी २०२७ च्या प्रतियुतीला मंगळ पृथ्वीपासून बराच लांब असतो, सप्टेंबर २०३५ ची उत्तम.

जोडतारे आणि रूपविकारी तारे

शहरात राहून या छंदात वर्षानुवर्षं रमायचं असेल तर ते इथे. तारा बिंदूवत असतो. वर्धन वाढवलं की मागचं उजळ आकाश काळवंडतं, ताऱ्याचं तेज मात्र फारसं कमी होत नाही. म्हणून जोडतारे शहरातूनही छान सुटतात.

सुरुवात सप्तर्षीतल्या वसिष्ठ-अरुंधतीपासून करा. ही जोडी नुसत्या डोळ्यांनी किंवा द्विनेत्रीने दिसते. टेलिस्कोप लावला की वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांत फुटतो. दोघांमधलं अंतर १४ विकला आहे, एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. हंसाच्या चोचीतला अल्बिरिओ कोणत्याही लहान दुर्बिणीत एक सोनेरी आणि एक निळा असा दिसतो. देवयानीतल्या अल्माकची जोडीही रंगांसाठीच बघायची. पुनर्वसूतला कॅस्टर मात्र शंभरेक पट वर्धन आणि शांत हवा मागतो. कन्या राशीतल्या पोरिमाची गोष्ट आणखी मजेची. तिचे दोन तारे एकमेकांभोवती १६९ वर्षांत फिरतात. २००५ च्या सुमारास ते इतके जवळ होते की लहान दुर्बिणीत वेगळे दिसत नव्हते. आता ते सहज सुटतात.

रूपविकारी ताऱ्यांचं तेज बदलतं. ययातीतला अलगोल घ्या. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो २.१ व्या प्रतीपासून ३.४ पर्यंत फिका होतो आणि पुन्हा उजळतो. सगळा प्रकार सुमारे दहा तासांत आटोपतो, कारण तो दोन ताऱ्यांचा संसार आहे आणि फिका जोडीदार ठळकाच्या आड येतो. जॉन गुडरिक या बहिऱ्या तरुणाने हा कालावधी आणि जोडीदाराची कल्पना १७८३ मध्ये, वयाच्या विशीच्या आत, मांडली. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या घरातून, नुसत्या डोळ्यांनी. करायची पद्धत तीच आहे: एरवी अलगोल अल्माकइतका ठळक असतो. नीचांकाला तो शेजारच्या एप्सिलॉन पर्सेईपेक्षाही, म्हणजे २.९ प्रतीच्या ताऱ्यापेक्षाही फिका पडतो. नीचांकाच्या वेळा ॲपमध्ये मिळतात. सुरुवातीला दर अर्ध्या तासाला तुलना करून आकडा लिहा.

मृगातला तांबडा काक्षी तर भर शहरातही दिसतो. २०१९ च्या अखेरीस तो फिका होऊ लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये शेजारच्या बेलाट्रिक्सच्या जवळपास आला. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ आड आल्याने आणि पृष्ठभागाचा काही भाग थंडावल्याने असं झालं असं संशोधनातून पुढे आलं. महिन्यातून दोनदा तो रोहिणीपेक्षा ठळक आहे की फिका, एवढं जरी टिपलं तरी वर्षाभरात तुमचा स्वतःचा आलेख तयार होतो. अशा नोंदी गोळा करणारी अमेरिकन संस्था, 'आव्सो' (AAVSO) या नावाने ओळखली जाणारी, १९११ पासून काम करते आणि जगभरातल्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी स्वीकारते.

तेजोमेघ आणि दीर्घिका

थोडक्यात सांगतो: मृगातला तेजोमेघ दिसतो. कृत्तिका आणि पुष्यासारखे खुले तारकागुच्छ छान दिसतात. एम १३ सारखे गोलाकार गुच्छ मोठ्या आरशाच्या टेलिस्कोपमधून धुक्याच्या गोळ्यासारखे दिसतात. देवयानी दीर्घिका म्हणजे पुसट डाग. बाकीच्यांच्या मागे लागून मन खट्टू करून घेऊ नका. या गोष्टींची प्रसिद्ध यादी करणारा शार्ल मेसिए ('एम १३' मधला 'एम' त्याच्याच नावाचा) पॅरिस शहराच्या मध्यातूनच आकाश बघायचा, पण १७८१ मध्ये त्याची १०३ वस्तूंची यादी छापली तेव्हा विजेचे दिवे नव्हते.

'प्रकाशप्रदूषण फिल्टर' म्हणून विकलेल्या काचा जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांसाठी होत्या. पांढऱ्या एलईडींचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो, तो त्यांना गाळता येत नाही. मृगातल्यासारख्या तेजोमेघांवर अरुंद पट्ट्याचे फिल्टर थोडी मदत करतात, दीर्घिकांवर नाही. फिकट वस्तूंचीच ओढ असेल तर कॅमेऱ्याने अनेक छोटी छायाचित्रं घेऊन ती एकत्र करणारे स्मार्ट टेलिस्कोप शहरातही चकित करतात. त्यात बघणं पडद्यावर होतं, हे लक्षात घेऊन ठरवा.

टेलिस्कोप घेताना

खोक्यावर मोठ्या अक्षरात '५२५ पट' असं वर्धन छापलेलं असेल तर तो टेलिस्कोप तिथेच ठेवा. वर्धनाची कमाल मर्यादा वस्तुभिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासावर ठरते, मिलिमीटरमधल्या व्यासाच्या साधारण दुप्पट. आणि शहराच्या हवेत दीडशे-दोनशे पटींवर जायची वेळ फार कमी रात्री येते. वर्धन काढायचं गणित सोपं: टेलिस्कोपचं नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) भागिले नेत्रिकेचं. १,२०० मिलिमीटरला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली की ४८ पट.

काटकुळ्या तिवईवरचा मोठा टेलिस्कोप हा पैशाचा अपव्यय. हात लावला की दृश्य पाच सेकंद थरथरत राहतं. १३० ते १५० मिलिमीटर आरशाचा, डॉब्सोनियन (खाली ठेवायच्या, हाताने फिरवायच्या साध्या) बैठकीवरचा टेलिस्कोप बहुतेकांना पुरतो. बाल्कनी लहान असेल तर टेबलावर ठेवण्याजोगा, किंवा ८०-९० मिलिमीटरचा भिंगाचा. एका खेपेत बाहेर नेता येईल एवढाच घ्या. दोन जिने आणि तीन खेपा लागणारा टेलिस्कोप महिन्याभरात कपाटामागे जातो.

बघण्याआधी अर्धा तास बाहेर ठेवून तो बाहेरच्या हवेशी जुळू द्या. शोधक दुर्बीण (नेम धरण्यासाठी मुख्य दुर्बिणीवर बसवलेली छोटी दुर्बीण) दिवसाउजेडी दूरच्या एखाद्या मनोऱ्यावर मुख्य दुर्बिणीशी जुळवून घ्या. आरशाचा असेल तर आरशांची सरळता अधूनमधून तपासावी लागते. सुरुवात कायम सर्वात कमी वर्धनाच्या नेत्रिकेने करा. फोन नेत्रिकेला लावून चंद्राचे फोटो चांगले येतात, धरायला क्लॅम्प घेतला की अर्धं काम झालं.

दिवसा: सूर्य

सूर्याला शहराच्या उजेडाशी देणंघेणं नाही, पण इथे हयगय चालत नाही. दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसणारा, खास सौरनिरीक्षणासाठी बनवलेला फिल्टरच वापरा. नेत्रिकेला लावायचे छोटे काळे फिल्टर उष्णतेने तडकू शकतात, ते फेकून द्या. शोधक दुर्बिणीवर टोपण घाला. एक्स-रे फिल्म, सीडी, काजळी धरलेली काच यांतलं काहीही चालत नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो. प्रत्येक वेळी फिल्टर उजेडासमोर धरून त्याला छिद्र नाही ना ते पाहा. सौरडाग रोज सरकताना दिसतात. पृथ्वीवरून बघता सूर्याची फेरी सुमारे २७ दिवसांची, त्यामुळे मोठा डाग टिकलाच तर तो पलीकडून पुन्हा उगवतो.

वही, आणि कधीतरी अंधारात

वहीत तारीख, वेळ, हवा (लुकलुकाट किती), साधन, काय दिसलं आणि एक ओबडधोबड चित्र. चित्र सुंदर येण्याची गरज नाही. ते काढायला बसलं की डोळा दुप्पट बघतो एवढाच त्याचा उपयोग. काय दिसलं नाही तेही लिहा.

वर्षातून एकदा अंधाऱ्या आकाशाखाली जायची संधी मिळाली तर अमावास्येच्या आसपासचा दिवस धरा. पहिल्या रात्री गोंधळायला होईल: इतके तारे असतात की रोजचे ओळखीचे तारकासमूह गर्दीत हरवतात. तेव्हा पूर्ण अंधार पडायच्या आधी, शहरासारखंच आकाश असताना, खुणेचे तारे ओळखून घ्या. ग्रहांवर वेळ घालवू नका, ते घरून दिसतात. आकाशगंगेचा पट्टा, देवयानी दीर्घिका, धनू आणि वृश्चिकेतले गुच्छ आणि तेजोमेघ यांच्यावरून सावकाश दुर्बीण फिरवा. एकच साधन नेण्याइतकी जागा असेल तर टेलिस्कोप घरी ठेवा आणि द्विनेत्री न्या.